नाताळची सुट्टी

शाळेच्या सुट्ट्यांच्या यादीत २५ डिसेंबरपुढे ‘नाताळ’ एवढा एकच शब्द असतो. एखादा चौकस विद्यार्थी ‘गुरुजी, नाताळ म्हणजे काय?’ असे विचारतो तेव्हा ‘ख्रिस्ती लोकांचा सण’ या उत्तराने त्याचे समाधान होत नाही, व होऊही नये.

हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आला. त्याचे मूळ जन्मवाचक लॅटिन शब्दात आहे. येशू ख्रिस्ताचा जन्म बेथलेहेम येथे झाला असे शुभवर्तमानात सांगितले आहे, परंतु जन्मदिवस दिलेला नाही. रोम येथे २५ डिसेंबर पाळला जात असल्याचा जुना पुरावा इ. स. ३३६ चा आहे. रशियातील ऑर्थोडॉक्स पंथ जुने ज्युलियन पंचांग मानतो, म्हणून त्यांचा नाताळ ७ जानेवारीस येतो. पंचांगभेदाने एक सण दोन दिवशी येणे हे आपल्या मुलांना नवीन नाही.

ही सुट्टी सर्वांना प्रथमपासून निर्वेध मिळत होती असे मात्र नाही, आणि माझ्या मते हाच भाग वरच्या इयत्तांना सांगण्याजोगा आहे. धर्मग्रंथात या सणाला आधार नाही असे इंग्लंडमधील प्युरिटन पुढाऱ्यांचे म्हणणे होते. १६४७ साली पार्लमेंटने तो रद्दच केला. त्या वर्षी नाताळाच्या दिवशी दुकाने उघडी ठेवण्याच्या हुकमावरून कँटरबरी येथे दंगा उसळला. १६६० मध्ये राजसत्ता परत आली व सणही उजळ माथ्याने परतला. पुढे कारखान्यांचे युग आले आणि प्रश्न धर्माचा न राहता मजुरीचा झाला. चार्ल्स डिकन्स याच्या १८४३ मधील ‘ए ख्रिसमस कॅरोल’ या कथेत, कारकुनाला वर्षातून हा एक दिवस भरपगारी द्यावा लागतो म्हणून मालक कुरकुरतो. १८७१ च्या कायद्याने इंग्लंडात २६ डिसेंबरलाही सुट्टी मिळाली. स्कॉटलंडमध्ये मात्र पुष्कळ कामगार १९५८ पर्यंत नाताळाच्या दिवशी नेहमीप्रमाणे कामावर जात. त्यांचा मोठा उत्सव नववर्षाचा असे.

या २६ डिसेंबरला तेथे ‘बॉक्सिंग डे’ म्हणतात. त्याचा मुष्टियुद्धाशी काही संबंध नाही! नाताळाच्या दिवशी धन्याच्या घरी राबलेले नोकर दुसऱ्या दिवशी भेटीची पेटी घेऊन आपल्या घरी जात. आपल्याकडील दिवाळीच्या पोस्तासारखीच ही रीत म्हणावयाची.

घरात सूचिपर्णी झाड सजविण्याची चाल मूळची जर्मनीची. व्हिक्टोरिया राणीच्या कुटुंबाचे असे चित्र १८४८ साली लंडनच्या एका साप्ताहिकात छापले गेले व ती इंग्लंडात घरोघर पसरली. शुभेच्छापत्राची कथा गमतीची आहे. हेन्री कोल या गृहस्थाला स्नेह्यांना पत्रे लिहिण्यास सवड नव्हती. त्याने १८४३ मध्ये चित्र काढवून सुमारे एक हजार प्रती छापून घेतल्या. कचेऱ्यांतून हल्ली दुसरीच चाल रूढ आहे. सर्वांच्या नावांच्या चिठ्ठ्या टोपीत टाकतात. ज्याची चिठ्ठी येईल त्याला ठरल्या किमतीच्या आतली भेट, देणाऱ्याचे नाव गुप्त ठेवून, द्यावयाची. साहेबाची चिठ्ठी शिपायाकडे आणि शिपायाची साहेबाकडे जाऊ शकते, हीच तिची खुमारी. दुकानांतील नोकरांनाही हा दिवस मिळावा म्हणून इंग्लंड व वेल्समध्ये २००४ च्या कायद्याने २८० चौरस मीटरांहून मोठी दुकाने त्या दिवशी बंद ठेवावी लागतात.

आपल्या जवळचा नाताळ पाहावयाचा तर वसईत किंवा गोव्यात पाहावा. घरांवर चांदणीचे आकाशकंदील लागतात, मध्यरात्री चर्चमध्ये मिस्सा होतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) लॅटिनऐवजी लोकभाषा आल्याने वसईत तो मराठीतून ऐकावयास मिळतो. गोव्यात नेवऱ्या, दोदोल यांनी भरलेली ताटे शेजारच्या हिंदू घरी जातात. नेवरी म्हणजे आपली करंजीच. दिवाळीत तिकडूनही फराळ येतो.

खालच्या इयत्तांना गव्हाणीचा देखावा आवडेल. संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली इटलीतील ग्रेच्चो या गावी खरे बैल व गाढव आणून तो उभा केला होता. मातीकामाच्या तासाला तो सहज होतो. बैल तर मुले पोळ्याला करतातच, गाढवाचे कान तेवढे लांब करावयास सांगावे.