गाडीशेजारी मॉडेल, समोर शंभर कॅमेरे: यात पैसा नेमका कमावतं कोण?

इन्स्टाग्रामवर गाड्यांचं एखादं पेज फॉलो केलं की हा फोटो हमखास समोर येतो. जमिनीला टेकेल इतकी खाली घेतलेली निस्सान, तिच्या अंगभर स्पॉन्सरचे स्टिकर आणि शेजारी त्याच रंगाच्या ड्रेसमध्ये उभी असलेली मॉडेल. खाली हजारो लाइक. नुकताच कॅमेरा घेतलेल्या कुणालाही हे पाहून वाटतं, की यात बक्कळ पैसा असणार.

पैसा आहे. पण तो फोटो पाहणाऱ्यांकडून येत नाही, आणि बऱ्याचदा त्या फोटोसाठीही येत नाही. यात कोण कुणाच्या खिशात हात घालतं हे समजून घ्यायचं तर सुरुवात जपानपासून करावी लागते. कारण तिथे हा हिशोब चक्क उलटा आहे.

जपानमध्ये फोटोग्राफरच गिऱ्हाईक

दरवर्षी जानेवारीत टोकियोजवळच्या चिबा शहरात, माकुहारी मेस्से नावाच्या अवाढव्य प्रदर्शन केंद्रात टोकियो ऑटो सलोन भरतं. मॉडिफाय केलेल्या गाड्यांची ही जगातली सगळ्यात प्रसिद्ध जत्रा म्हणावी लागेल. 'ऑप्शन' या मासिकाशी जोडलेले दाइजिरो इनादा यांनी १९८३ मध्ये ती 'टोकियो एक्सायटिंग कार शो' या नावाने सुरू केली. १९८७ पासून तिला आत्ताचं नाव मिळालं. २०२० साली तीन दिवसांत ३ लाख ३० हजारांहून अधिक लोक तिथे येऊन गेले.

यातले सगळेच गाड्या बघायला येत नाहीत. टायर, सायलेन्सर, सस्पेन्शन बनवणाऱ्या कंपन्या आपापल्या स्टॉलवर मॉडेल उभ्या करतात. त्यातल्या अनेक जणी 'रेस क्वीन' असतात, म्हणजे सुपर जीटीसारख्या शर्यतींत संघाचा ड्रेस घालून छत्री धरणाऱ्या. त्यांच्याभोवती कॅमेरेवाल्यांचं अर्धवर्तुळ तयार होतं. अशा हौशी मंडळींना जपानीत 'कामेको' म्हणतात, कॅमेऱ्यामागे धावणारी पोरं या अर्थाने. त्यातली बरीच 'पोरं' पन्नाशीची असतात, हा भाग वेगळा.

त्या गर्दीलाही शिस्त असते. प्रत्येकाची एकच विनंती: 'मेसेन', म्हणजे नजर माझ्याकडे. मॉडेल डावीकडून उजवीकडे एकेका लेन्सकडे बघत जाते. प्रत्येकाच्या वाट्याला दोन-तीन सेकंद येतात. खालून कॅमेरा लावायला अनेक ठिकाणी सक्त मनाई असते आणि मोडली तर बाहेरचा रस्ता दाखवतात.

आता विचार करा. एकाच मॉडेलचा, एकाच पोझमधला, एकाच प्रकाशातला फोटो शंभर जणांकडे आहे. तो विकत कोण घेणार?

कुणीच नाही. उलट पैसे देतो तो कामेको. तिकीट त्याचं, शर्यतीच्या वेळी संघांच्या गॅरेजसमोर फिरण्याचा वेगळा पास त्याचा, लाखभर येनची लेन्सही त्याचीच. आणि त्याहून पुढे 'सात्सुएइकाई' नावाचा प्रकार आहे, म्हणजे फोटो काढण्याचं पैसे भरून भरवलेलं सत्र. स्टुडिओत किंवा बागेत मॉडेल येते, वेळेचे तुकडे पाडलेले असतात आणि एकट्याने फोटो काढायचा छोटासा तुकडा हवा असेल तर अनेक हजार येन मोजावे लागतात. त्यातला वाटा मॉडेलला मिळतो. रेस क्वीन म्हणून मिळालेल्या प्रसिद्धीचं पैशात रूपांतर होतं ते बहुतेक इथे. या सत्रांचे नियमही ठरलेले असतात: फोटो स्वतःपुरते ठेवायचे, विकायचे नाहीत, टाकायचे असतील तर विचारून टाकायचे.

म्हणजे तिथे मॉडेल आपला वेळ विकते आणि फोटोग्राफर तो विकत घेतो. हे ऐकायला विचित्र वाटेल, पण तिघांपैकी कुणाची फसवणूक होत नाही असा हा बऱ्यापैकी स्वच्छ व्यवहार आहे. कामेकोला आपण धंदा करतोय असा भ्रम नसतो, हे त्यातलं मुख्य.

अमेरिकेत मासिकं होती तोवर

भ्रम तयार झाला तो अमेरिकेत. १९९० च्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियातल्या आशियाई वंशाच्या मुलांनी होंडा सिव्हिक, अक्युरा इंटिग्रासारख्या स्वस्त जपानी गाड्या घेऊन त्यावर जीव ओतायला सुरुवात केली. केन मियोशी या तरुणाने १९९५ मध्ये 'इम्पोर्ट शोऑफ' हा शो भरवला. मागोमाग 'हॉट इम्पोर्ट नाइट्स'सारखे शो आले, डीजे आला, दिवे आले आणि गाडीशेजारी मॉडेल आली. १९९८ मध्ये 'व्हाइब' मासिकात पत्रकार केन ली यांचा रस्त्यावरच्या शर्यतींवर एक लेख आला. त्यावरून २००१ मध्ये 'द फास्ट अँड द फ्युरियस' निघाला, आणि मग हे वेड गल्लीपुरतं राहिलं नाही.

त्या काळात फोटोग्राफरला पैसे देणारा ठरलेला ग्राहक होता: मासिक. 'सुपर स्ट्रीट', 'इम्पोर्ट ट्यूनर' अशा मासिकांना दर महिन्याला गाड्या हव्या असत, मुखपृष्ठ हवं असे, मधलं पोस्टर हवं असे. शोमध्ये चांगलं काम दिसलं की पुढचं शूट मिळायचं. मॉडेलही हुशार होत्या. शोमध्ये स्वतःचा स्टॉल लावून त्या सही केलेली पोस्टर आणि कॅलेंडरं विकायच्या.

मग इंटरनेटने दुकान बंद केलं. ६ डिसेंबर २०१९ रोजी अमेरिकेतल्या 'टेन पब्लिशिंग' या कंपनीने आपल्या २२ पैकी १९ गाड्यांच्या मासिकांची छपाई थांबवत असल्याचं जाहीर केलं. त्यात 'सुपर स्ट्रीट'ही होतं. शो चालू राहिले, मॉडेल राहिल्या, कॅमेरे तर दसपट झाले. फक्त बिल भरणारा माणूस गेला.

त्याच्या जागी आली 'टीएफपी' नावाची पद्धत. साध्या भाषेत अदलाबदल: मॉडेल वेळ देते, फोटोग्राफर फोटो देतो, पैसे कुणीच कुणाला देत नाही, दोघांचं प्रोफाइल सजतं. नवख्यांना शिकायला हे ठीक आहे. अडचण एवढीच, की एक्स्पोजरवर पेट्रोल भरून मिळत नाही, आणि फुकट काम करणाऱ्या दहा जणांमुळे अकराव्याचा दरही पडतो.

मग आज पैसे देतं कोण?

गाडीचा मालक, पार्ट बनवणारी कंपनी आणि शो भरवणारा आयोजक. या तिघांव्यतिरिक्त खात्रीचं गिऱ्हाईक शोमध्ये शोधून सापडत नाही.

मालकाचं मन ओळखणं सोपं आहे. त्याने दोन वर्षं घालून, कर्ज काढून गाडी उभी केलेली असते. मोबाइलवरचे फोटो त्याच्याकडे शेकडो असतात, पण नीट प्रकाशात, रिकाम्या पार्श्वभूमीवर काढलेले चार फोटो नसतात. म्हणून अनुभवी फोटोग्राफर शोच्या गर्दीत फोटो विकत बसत नाही. तो तिथे ओळख करतो, कार्ड देतो आणि पुढच्या रविवारी पहाटे रिकाम्या पार्किंगमध्ये पैसे घेऊन शूट करतो. मॉडेल तेव्हा ठरवून, तिचं मानधन देऊन बोलावली जाते. कंपनीचं गणित याहून सरळ आहे. अलॉय व्हील विकणाऱ्याला जाहिरातीसाठी फोटो हवा असतो आणि त्यात चाक ठळक दिसायला हवं असतं. मॉडेल कितीही सुंदर असली तरी तिचा पाय चाकासमोर आला की फोटो बाद.

इथे कौशल्याचा प्रश्न येतो. गाडी म्हणजे चाकांवरचा आरसा. समोर उभा राहिलेला फोटोग्राफर, त्याची बॅग, मागचा वडापाववाला, छतावरच्या ट्यूबलाइट, सगळं दारावर उमटतं. पोलरायझर फिल्टर काचेवरची आणि रंगावरची चकाकी बरीच कापतो, पण क्रोमवर त्याची मात्रा चालत नाही. त्यात चेहऱ्याला मऊ प्रकाश हवा आणि गाडीच्या कडा दिसायला लांबलचक प्रकाशाची रेघ हवी. एका फ्लॅशमध्ये दोन्ही साधत नाही. हॉलमध्ये दोन सेकंदांत तर नाहीच. म्हणूनच आयोजकाने नेमलेला फोटोग्राफर प्रेक्षक आत यायच्या आधी, गाड्या लावल्या जात असताना काम उरकतो.

भारतात आणखी एक गुंता आहे. मुंबई-पुण्यातही रविवारी सकाळी गाड्यांचे मीट होतात, पण इथे मालकाला दरवेळी फोटो हवाच असतो असं नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत कंपनीने दिलेल्या मूळ रचनेपेक्षा मोठे बदल करता येत नाहीत आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. मोठा सायलेन्सर आणि नंबरप्लेट एकाच फोटोत आली, की तो फोटो व्हायरल होण्याचा आनंद मालकाला होईलच असं नाही.

ज्यांचे फोटो निघतात त्यांचं काय?

कमाईच्या चर्चेत हा प्रश्न शेवटी येतो, खरं तर आधी यायला हवा. मॉडेलला एका दिवसाचे पैसे मिळतात. फोटो मात्र दहा वर्षं फिरतो: वॉलपेपर म्हणून, तिसऱ्याच कुणाच्या पैसे घेणाऱ्या वेबसाइटवर, नको त्या मथळ्याखाली.

यावर उपाय म्हणून काहींनी मॉडेलच हटवल्या. २०१५ मध्ये शांघाय ऑटो शोने मॉडेल उभ्या करण्यावर बंदी घातली. ३१ जानेवारी २०१८ रोजी फॉर्म्युला वनने 'ग्रिड गर्ल्स'ची प्रथा बंद केली, तेव्हा आमचं काम आम्हाला न विचारता का काढून घेतलं, असा सवाल ब्रिटनमधल्या काही मॉडेल्सनीच केला. दुसरी बाजूही तेवढीच खरी. अमेरिकेतल्या इम्पोर्ट शोंच्या दुनियेतून पुढे आलेल्या कायला यू यांचं 'फेटिशाइज्ड' हे पुस्तक २०२५ मध्ये आलं. आशियाई बाईकडे बघणाऱ्या नजरेबद्दल आणि त्या नजरेने काय काय ओरबाडलं याबद्दल ते आहे. बंदीने हे सुटत नाही आणि 'तिने पोझ दिली ना' म्हणूनही सुटत नाही. पोझ देणं म्हणजे वाट्टेल तिथे वापरायची परवानगी देणं नव्हे.

एका कागदाची किंमत

ती परवानगी म्हणजे 'मॉडेल रिलीज', मॉडेलने सही केलेला साधा करारनामा. फोटोचा कॉपीराइट एकाचा असतो आणि त्यातल्या चेहऱ्यावरचा हक्क दुसऱ्याचा. हा फरक कायद्याला कळायला वेळ लागला. न्यूयॉर्कमधल्या एका तरुणीचा फोटो पिठाच्या कंपनीने न विचारता २५ हजार पोस्टरवर छापला. ती कोर्टात गेली आणि १९०२ मध्ये हरली. लोक इतके चिडले, की १९०३ मध्ये राज्याने कायदाच केला: जाहिरातीत चेहरा वापरायचा तर लेखी संमती हवी. कॅलिफोर्नियात आज असा वापर केला तर किमान ७५० डॉलर किंवा झालेलं नुकसान, यापैकी जी रक्कम मोठी असेल ती, आणि त्यावर कमावलेला नफाही द्यावा लागतो.

म्हणून शोमध्ये काढलेला फोटो बातमीसाठी चालतो, पण टायरच्या जाहिरातीत रिलीजशिवाय चालत नाही. स्टॉक फोटो विकणाऱ्या वेबसाइटही तेच म्हणतात. वर गाडीचा लोगो दिसत असेल तर फोटो फक्त बातमीपुरता घेतात. आणि मिळतं किती? शटरस्टॉकने जून २०२० पासून फोटोग्राफरचा वाटा १५ ते ४० टक्के ठेवला. एका डाउनलोडला किमान १० सेंट.

अशाच एका स्टॉक फोटोचं प्रकरण महाराष्ट्रात घडलं आहे. गावातल्या फोटोग्राफरने एका ग्रामीण महिलेचा फोटो काढून शटरस्टॉकवर टाकला. तो वेगवेगळ्या राज्यांच्या सरकारी योजनांच्या जाहिरातींत झळकला, तिला पत्ताही नव्हता. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या प्रकाराला व्यावसायिक शोषण म्हटलं आणि वेबसाइटसह संबंधित सरकारांकडून उत्तर मागवलं. तिथे ना गाडी होती ना रेस क्वीन, पण मीटमध्ये काढलेला फोटो अपलोड करणाऱ्यालाही नेमकं हेच लागू होतं.

आणि फोटोग्राफरने स्वतःसाठी वाचावं असं कलमही आहे. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम १७ नुसार, कुणी पैसे देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसेल, तर त्या फोटोचा पहिला मालक पैसे देणारा असतो, काढणारा नव्हे. टायरच्या दुकानासाठी पाच हजारांत केलेलं शूट दुकानदाराने उद्या होर्डिंगवर लावलं, तर जास्तीचे पैसे मागायला जागा उरत नाही. म्हणून कुठे, किती काळ आणि किती पैशांत, हे शटर दाबायच्या आधी लिहून घेतात. त्याची एक प्रत मॉडेलला देतात. ती १८ वर्षांखालची असेल तर तिची सही चालत नाही, पालकांची लागते. गाडीच्या मालकाला वेगळं विचारतात, आणि नंबरप्लेट झाकतात.