कोहळी आडनावे

विदर्भातील वैनगंगा नदीच्या खोऱ्यात, मुख्यत्वे जुन्या भंडारा व चांदा या जिल्ह्यांच्या मुलखात, राहणाऱ्या कोहळी या शेतकरी जातीची कुलनामे. तलाव बांधणारी जात म्हणून कोहळी ख्यातनाम असून भात व ऊस ही त्यांची परंपरागत पिके होत. १९११ च्या जनगणनेत त्यांची संख्या सु. २६,००० होती. गोंदिया जिल्ह्याच्या (भंडारा जिल्ह्यातून १९९९ मध्ये अलग) अर्जुनी मोरगाव तालुक्यात कापगते, डोंगरवार, लंजे, गहाणे, हातझाडे, पुस्तोडे इ. आडनावे त्यांच्यात आढळतात.

या आडनावांना महत्त्व आले, ते जातीच्या मूलस्थानाविषयीच्या वादामुळे. चांद्याच्या एका गोंड राजाने काशीयात्रेहून परतताना आपल्या पूर्वजांना बरोबर आणले व भंडाऱ्याकडील कोहळी प्रथम लांजी येथे स्थिरावले, अशी परंपरा जातीत सांगितली जाते. रसेल व हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जातिजमातींवरील आपल्या ग्रंथात (१९१६) ती नोंदविली आणि उत्तरेकडील कोइरी या माळीकाम करणाऱ्या जातीच्या नावाशी कोहळी या नावाचे असलेले साम्यही दाखविले. तथापि भाषा, चालीरीती व कुलनामे यांवरून ही जात मराठी मुलखातलीच व कुणब्यांना जवळची ठरते, असा कौल त्यांनी दिला. म्हणजे परंपरा एक सांगते व नावे दुसरे सांगतात. यांपैकी नावांची साक्ष कितपत ग्राह्य धरावी, हा खरा प्रश्न आहे.

लंजे व त्याच्याशी संबद्ध लांजेवार ही नावे परंपरेच्या बाजूने बोलतात. लांजी हे आज मध्य प्रदेशाच्या बालाघाट जिल्ह्यात असलेले जुने ठाणे. रतनपूरच्या कलचुरी राजा पहिला जाजल्लदेव याच्या १११४ च्या शिलालेखात करभार देणाऱ्या मंडलांत ‘लांजिका’, वैरागर व ‘भाणार’ (भंडारा) यांचा एकत्र उल्लेख येतो. ‘–वार’ हा प्रत्यय तेलुगू ‘वारु’ (ते लोक, अमुक ठिकाणचे वा घरचे) या आदरार्थी रूपाशी निगडित असून पूर्व विदर्भात तो पश्चिमेकडील ‘–कर’चे काम करतो. कोकणातील लांजा गावावरून लांजेकर झाले, तसे वैनगंगेकाठी लांजेवार. काशीवार हे नावही या परंपरेशी जुळते. मात्र एखाद्या काशीयात्रेवरूनसुद्धा असे नाव पडू शकते, हे विसरता येत नाही. डोंगरवार या नावात तर केवळ डोंगराचा बोध होतो.

अशा स्थलवाचक नावांवरून वंश सिद्ध होत नाही. आयरिश आडनावांतील ‘ओ’ (नातू, वंशज) व ‘मॅक’ (पुत्र) ही उपपदे पूर्वजाकडे बोट दाखवितात. १०१४ मध्ये मारल्या गेलेल्या ब्रायन बोरू या राजावरून ओब्रायन हे नाव आले. ‘–वार’ व ‘–कर’ हे पूर्वजाविषयी मौन पाळतात आणि फक्त सोडलेल्या वा वसलेल्या गावाचे नाव सांगतात. त्यामुळे एका गावाहून निघालेल्या निरनिराळ्या जातींच्या लोकांना एकच आडनाव मिळते. लांजेवार हे नाव कोहळ्यांपुरते मर्यादित नाही, ते यामुळेच. कुलवाचक नावेही जातीची सीमा ओलांडतात : मेश्राम (मेसराम) हे आदिलाबादेकडील केसलापूरच्या नागोबाची जत्रा भरविणाऱ्या राजगोंडांच्या कुळाचे नाव, पण विदर्भातील बौद्धांतही ते विपुल आहे.

आडनावे फार जुनी मानण्याचा मोहही आवरला पाहिजे. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव अठराव्या शतकाच्या प्रारंभी बांधणारा पुरुष परंपरेत ‘कोलू पाटील कोहळी’ म्हणून ओळखला जातो. यात व्यक्तिनाम, अधिकार व जात आहे, आडनाव नाही. तलावाच्या कामी ज्यांनी साहाय्य केले असे मानतात, त्या सातबहिणींच्या नावाने भोवतालचे डोंगर ओळखले जातात आणि खुद्द कोलू पाटील कोलासुर देव म्हणून पुजला जातो. गावात ज्याला सर्वजण ओळखतात, त्याला आडनावाची गरज नसते. ती भासते दप्तराला. एकोणिसाव्या शतकात जमाबंदी होऊन मालगुजारांना जमिनीची मालकी मिळाली, तेव्हा वारसाहक्क व तलावाच्या पाण्यावरील हक्क यांच्या नोंदींत नाव पक्के करणे भाग पडले. लंजे, लांजे यांसारखे लेखनभेदही कागदावर उतरताना कायम झाले असावेत. १९५० च्या कायद्याने मालगुजारी नष्ट होऊन तलाव शासनाकडे गेले. पूर्व विदर्भात त्यांना अजूनही ‘मामा तलाव’ (माजी मालगुजारी तलाव) असेच म्हणतात. बांधणाऱ्या घराण्याचे आडनाव सहसा त्यांना चिकटलेले नाही.