नाकाची पुनर्घटना

पंचवटीत लक्ष्मणाने शूर्पणखेचे नाक छेदल्याची कथा नाशिकच्या पोरासोरांनाही मुखोद्गत असते. परंतु छेदलेले नाक नव्याने घडविण्याच्या ज्या विद्येने पुढे युरोपास थक्क केले, तिचा सर्वांत गाजलेला दाखला पुण्याजवळ घडला, हे आमच्यापैकी थोड्यांच्याच स्मरणात आहे. कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी इंग्रजी फौजेत बैल हाकण्याच्या चाकरीस होता. १७९२ च्या लढाईत तो टिपूच्या हाती सापडला आणि नाक व एक हात गमावून बसला. वर्षाहून अधिक काळ लोटल्यावर विटा भाजणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्यास नवे नाक करून दिले. अशी शस्त्रक्रिया समक्ष पाहिलेल्या मुंबईच्या दोन डॉक्टरांच्या कैफियतीसह हा मजकूर १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये प्रसिद्ध झाला, आणि १८१४ मध्ये जोसेफ कार्प्यू याने तोच प्रयोग लंडनमध्ये करून दाखविला.

कृती ऐकण्यासारखी आहे. मेणाचा पातळ साचा नाकाच्या जागी बसवून, तो सपाट करून कपाळावर मांडावयाचा, त्याबरहुकूम कातडी सोडवून खाली वळवावयाची आणि सांध्यांवर भिजवलेल्या काथाच्या पट्ट्या बसवावयाच्या. मात्र दोन्ही डोळ्यांमधली चिंचोळी पट्टी सुमारे पंचविसाव्या दिवसापर्यंत कापावयाची नाही. (सुश्रुत गालाची त्वचा पानाच्या मापाने घ्यावयास सांगतो.) सारी अक्कल त्या पट्टीत होती: नव्या जागी रक्ताची सोय होईपर्यंत जुन्या जागेचा पुरवठा तोडावयाचा नाही.

आजच्या ऊती-अभियांत्रिकीपुढेही हाच पेच आहे. २०१४ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझल येथील संशोधकांनी, कर्करोगामुळे नाकपुडीचा भाग गमावलेल्या पाच वृद्धांच्या नाकाच्या पडद्यातून कूर्चेचा इवलासा तुकडा घेतला, त्यातील पेशी वाढविल्या आणि द्राक्षवेल मांडवावर चढवावी तशा कोलॅजेनच्या पटलावर रुजविल्या; चार आठवड्यांत मूळ तुकड्याच्या ४० पट कूर्चा हाती आली व ती त्याच रुग्णांत बसविण्यात आली. वर्षाअखेरीस पाचही जण श्वसन आणि रूप या दोन्ही बाबतींत समाधानी होते. वाढविलेल्या या पेशी मूलपेशी नव्हत्या, परिपक्व कूर्चापेशीच होत्या. आणि हे यश कूर्चेत यावे यास कारण असे, की कूर्चेत रक्तवाहिन्याच नसतात. तिचे पोषण झिरपून होते, सबब पट्टीची गरजच उरत नाही. यकृत वा हृदय यांची गोष्ट निराळी: रक्तवाहिनीपासून एक-दोन दशांश मिलिमीटरहून दूर पडलेली पेशी तेथे तग धरीत नाही.

मूलपेशी म्हणजे स्वतःसारख्या पेशी निर्माण करीत असतानाच विशिष्ट कार्याच्या पेशींनाही जन्म देणारी पेशी. पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रात डॉ. रमेश भोंडे यांनी अशा पेशींपासून इन्सुलिन स्रवणाऱ्या पेशी घडविण्याच्या मार्गाचा दीर्घकाळ शोध घेतला. तथापि पेशी घडविणे निराळे आणि तिला शरीरात आकार, आधार व रक्त मिळवून देणे निराळे. आमच्या मते खरी बिकट वाट दुसरीच आहे, आणि जाहिरातबाज दवाखाने नेमकी तीच लपवितात.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्तविकारांसारख्या काही व्याधींतील रक्तजनक मूलपेशींचे प्रत्यारोपण तेवढे मान्य उपचार आहे. बाकीचे सारे परवानगीने चाललेल्या चाचणीतच व्हावयास हवे. तेव्हा गुडघ्यात वा मणक्यात मूलपेशी टोचून देण्याचे वचन कोणी दिले, तर वाचकांनी आधी त्या चाचणीचा नोंदणी क्रमांक आणि नैतिक समितीचा परवाना मागावा, आणि मगच खिशात हात घालावा.