बेरजेत लपलेली चूक

वर्णक्रमाने लावलेल्या दहा लाख नावांतून एक नाव शोधायला संगणकाला फार तर वीस वेळा पाहावं लागतं. मध्यावरचं नाव बघायचं, हवं ते नाव त्याच्या अलीकडे की पलीकडे हे ठरवायचं आणि अर्धी यादी सोडून द्यायची. उरलेल्या अर्ध्यात पुन्हा तेच. ‘बायनरी सर्च’ म्हणतात ती हीच.

रीत सोपी वाटते, पण लिहायला अवघड. अमेरिकी संगणकतज्ज्ञ जॉन बेंटली यांनी ती अनुभवी प्रोग्रामरना लिहायला दिली, तेव्हा बहुतेकांच्या उत्तरांत चुका निघाल्या. म्हणून त्यांनी आपल्या ‘प्रोग्रामिंग पर्ल्स’ या पुस्तकात प्रोग्राम बरोबर असल्याचं पायरीपायरीने तर्काने दाखवलं.

तरीही त्यात एक चूक राहिली. २००६मध्ये जोशुआ ब्लॉक यांनी ती जाहीरपणे मांडली. जावा भाषेच्या अधिकृत संग्रहातला हाच प्रोग्राम त्यांनी स्वतः लिहिला होता आणि तीच चूक त्यातही उतरली होती.

मध्य काढण्यासाठी दोन टोकांचे क्रमांक मिळवून दोनने भागतात. शाळेतलं गणित! पण जावातल्या नेहमीच्या पूर्णांकाला कमाल मर्यादा आहे : २,१४,७४,८३,६४७. एक टोक १५० कोटींवर आणि दुसरं २०० कोटींवर असेल, तर बेरीज ३५० कोटी होते. ती मर्यादेत मावत नाही, उलटून ऋण होते आणि प्रोग्राम यादीबाहेरच्या जागी हात घालून कोसळतो. लहान यादीवर कितीही चाचण्या घेतल्या तरी हे दिसणार नाही. उपाय एका ओळीचा : दोन टोकांमधलं अंतर निम्मं करून ते पहिल्या टोकात मिळवायचं.

बेंटलींचा तर्क चुकला नव्हता. त्यात गृहीत धरलेली संख्या कितीही मोठी होऊ शकत होती, यंत्रातली मात्र नव्हती. गणिताची खरी कसोटी इथेच लागते. यंत्राच्या मर्यादाही सिद्धतेत धराव्या लागतात, आणि ते काम आराखडा आखतानाच करायचं असतं.

ते करता येतं. पॅरिसमध्ये ऑक्टोबर १९९८मध्ये सुरू झालेल्या मेट्रोच्या १४ क्रमांकाच्या मार्गावर गाड्या चालकाविना धावतात. त्यांच्या सुरक्षिततेची जबाबदारी असलेलं सॉफ्टवेअर ‘बी’ या गणिती पद्धतीने, सिद्धता देत देत रचलेलं आहे.