ऑरोरस, पिठाचा कोंबडा आणि पिसदुऱ्याची हाडे

पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून ज्या घरांत जपले जाते, त्याच घरांतील नातू सूर्यास्तापूर्वीचे जेवण आटोपून पडद्यावर प्राण्यांच्या झुंजी लावत बसतो. हे पाहून आजी-आजोबांच्या मनात प्रश्न उभा राहतो की, यात हिंसा आहे की नाही? प्रश्न रास्त आहे. मात्र उत्तर देण्यापूर्वी तो प्राणी कोण, हे पाहिले पाहिजे.

उदाहरणादाखल ऑरोरस घ्यावा. ‘पोकेमॉन’ ही जपानी खेळमालिका १९९६ साली सुरू झाली. १२ ऑक्टोबर २०१३ रोजी आलेल्या ‘एक्स’ आणि ‘वाय’ या तिच्या भागांत ऑरोरस प्रथम दिसला. खेळाडूला गुहेत एक जीवाश्म मिळतो. तो प्रयोगशाळेत नेला की त्यातून अमौरा नावाचे पिल्लू जिवंत होते आणि एकोणचाळिसाव्या पायरीवर, तेही रात्रीच्या वेळी, त्याचा ऑरोरस होतो. लांब मान, निळे अंग, डोक्यापासून मानेवर उतरणाऱ्या झळाळत्या पडद्यांची जोडी; उंची २.७ मीटर, वजन २२५ किलो. त्याची घडण अर्जेंटिनात सापडलेल्या अमार्गासॉरस या लांब मानेच्या डायनोसॉरशी जुळते. अमौरा शांत स्वभावाचा असून हिंस्र भक्षक नसलेल्या थंड प्रदेशात राहत असे, असे खेळातच सांगितले आहे. त्याच गुहेत दुसराही जीवाश्म असतो. त्यातून टायरंट हा उग्र, मांसभक्षक प्राणी जन्मतो. दोहोंपैकी एकच घेता येतो. आपल्या मुलाने कोणता घेतला, हे पालकांनी एकदा विचारून पाहावे.

झुंजीत कोणी मरत नाही. हरलेला प्राणी मूर्च्छित होतो, गावोगावच्या उपचारकेंद्रांत नेला की विनामूल्य बरा होतो. हरणाऱ्या खेळाडूच्या गाठीची रक्कम मात्र वजा होते. व्यापारी घरांतील मुलांना हा नियम समजावून सांगावा लागत नाही.

मग खोट्या प्राण्याच्या खोट्या झुंजीत दोष कसला, असे कोणी म्हणेल. येथे कारंज्यातूनच प्रकाशित झालेल्या एका ग्रंथाचे स्मरण होते. दहाव्या शतकातील महाकवी पुष्पदंत यांचे ‘जसहरचरिउ’ हे अपभ्रंश काव्य डॉ. प. ल. वैद्य यांनी संपादित केले आणि १९३१ साली कारंजा जैन ग्रंथमालेत ते छापले गेले. उज्जयिनीचा राजा यशोधर पशुबळी द्यायला नकार देतो, परंतु मातेच्या आग्रहाखातर पिठाचा कोंबडा करून देवीपुढे कापतो. रक्ताचा थेंबही सांडत नाही. तरीही मायलेक पुढच्या जन्मी कुत्रा आणि मोर होतात आणि तिर्यंच योनींत एकामागून एक जन्म भोगत फिरतात. पीठ निर्जीव होते, पण मारण्याचा संकल्प खरा होता.

या कसोटीवर ऑरोरसची झुंज सरसकट पिठाच्या कोंबड्यासारखी ठरत नाही. कारण तेथे वधाचा संकल्प नसून जिंकण्याची ईर्षा असते. परंतु हरल्यावर मूल यंत्र आपटत असेल, समोरच्याला अद्वातद्वा बोलत असेल, तर तो क्रोध आणि मान पडद्यावरचा नव्हे, घरातला आहे. म्हणून पडद्यापेक्षा मुलाच्या चेहऱ्याकडे पाहणे अधिक उपयोगाचे. यंत्र हिसकावून घेणे हा उपाय सोपा खरा. पण त्याने भाव बदलल्याचे उदाहरण विरळाच.

त्याहून चांगला मार्ग विदर्भातच आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील वरोरा तालुक्यात पिसदुरा हे गाव आहे. ज्यांच्या नावाचे महाविद्यालय नागपुरात आहे, त्या स्टीफन हिस्लॉप यांच्या काळापासून तेथील जीवाश्म अभ्यासकांना परिचित आहेत. तेथील हाडांवरून रिचर्ड लायडेकर यांनी १८७९ साली एका टायटॅनोसॉरचे नामकरण केले. टायटॅनोसॉर म्हणजे ऑरोरससारखेच लांब मानेचे, चार पायांवर चालणारे अजस्र प्राणी. हे अवशेष साडेसहा कोटी वर्षांहून जुने आहेत. हाडांबरोबर त्यांची दगड झालेली विष्ठाही तेथे मिळते. वंदना प्रसाद आणि सहकाऱ्यांनी तिची तपासणी केली, तेव्हा तिच्यात गवताचे सूक्ष्म सिलिकाकण आढळले. २००५ साली ‘सायन्स’ नियतकालिकात ते संशोधन प्रसिद्ध झाले. डायनोसॉरांच्या काळी गवत होते, हे त्यातून पुढे आले. खेळातील कोणत्याही पायरीपेक्षा ही गोष्ट अधिक रंजक आहे, आणि मुलांना ती सांगितली तर ती ऐकतातही.

आणखी एक नाव त्यांना अवश्य सांगावे. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतील जीवाश्मशास्त्रज्ञ सोहनलाल जैन यांनी सहकाऱ्यांसह १९७५ साली गोदावरी खोऱ्यातील ‘बारापासॉरस टागोरी’ जगापुढे आणला; ‘बारा पा’ म्हणजे मोठा पाय, आणि पुढचे नाव रवींद्रनाथांचे. जबलपूरच्या टेकडीवर सापडलेल्या एका टायटॅनोसॉरला पुढे, १९९५ साली, परदेशी अभ्यासकांनी जैन यांच्या सन्मानार्थ ‘जैनोसॉरस’ असे नाव दिले. तो पूर्ण शाकाहारी होता.