सामाईक पंगतीतला नारळ

आमच्या ठाण्यातल्या समाजमंदिरात सर्वधर्मीय दिवाळीभोजनाला बेने इस्रायल समाजातल्या शेजारच्या काकूंनी चिकाचा हलवा आणला होता. ज्यू नववर्षाचं हे पक्वान्न : गव्हाचा चीक, साखर, नारळाचं दूध. ज्यू धर्मनियमांनुसार मांस आणि दूध एका जेवणात चालत नाही. कोकणात रुजलेल्या या समाजाने गाईच्या दुधाची जागा नारळाला दिली. मटणानंतरही गोड वाढता आलं. अंडं नाही, कंद नाही, म्हणून जैन आजींनीही हलवा निर्धास्त मागून घेतला. जातीचे निर्बंध मोडायला महाराष्ट्रात सहभोजनं झाली, ती हवीच होती. आहाराचे नियम मात्र सांभाळूनही पंगत एक होते. १९४८नंतर बेने इस्रायल मोठ्या संख्येने इस्राएलला गेले. उरलेल्या घरांतल्या या कृती आताच टिपून घ्यायला हव्यात.