नाचणीचे सत्त्व आणि शिशूच्या पेजेतील पाणी

आपल्याकडे उष्टावणाचा संस्कार साधारणतः सहाव्या महिन्याच्या सुमारास करण्याची रीत आहे. आधुनिक पोषणशास्त्रही जवळजवळ त्याच वेळेवर येऊन ठेपले आहे. पहिले सहा महिने केवळ स्तनपान आणि त्यानंतर दोन वर्षांपर्यंत किंवा अधिक काळ स्तनपान चालू ठेवून त्याच्या जोडीला घरचे अन्न, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. शिशूच्या पूरक आहाराचा विचार करताना त्यात कोणते पदार्थ असावेत, याचीच चर्चा बहुधा होते. तांदूळ की नाचणी, मूग की मसूर, गाईचे दूध केव्हा द्यावे, असे प्रश्न विचारले जातात. परंतु वाटीतील पेजेत पाणी किती आहे, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखाचा विषय हे पाणीच आहे.

प्रथम मुलाच्या पोटाचे माप पाहू. जठराची धारणशक्ती शरीराच्या वजनाच्या प्रत्येक किलोग्रॅममागे सुमारे 30 ग्रॅम धरली जाते. या हिशोबाने सहा ते आठ महिन्यांच्या मुलास एका वेळी सुमारे 250 ग्रॅम, तर दुसऱ्या वर्षातील मुलास सुमारे 345 ग्रॅम अन्न मावते. विकसनशील देशांतील सरासरी स्तनपान गृहीत धरले, तर सहा ते आठ महिन्यांच्या मुलास दूध वगळता रोज सुमारे 200 कॅलरी, नऊ ते अकरा महिन्यांच्या मुलास सुमारे 300 आणि दुसऱ्या वर्षी सुमारे 550 कॅलरी बाहेरच्या अन्नातून मिळाव्या लागतात. गरज जवळजवळ तिपटीने वाढते; पोट मात्र त्या मानाने फारच थोडे मोठे होते. सारी अडचण या दोन आकड्यांच्या विषम वाढीत आहे.

आता पेजेकडे वळू. धान्याच्या 100 ग्रॅम पिठात सुमारे 340 कॅलरी असतात. पेजेच्या शंभर भागांत पीठ पाच भाग असेल, तर 100 ग्रॅम पेजेतून 17 कॅलरी मिळतील, आणि सात महिन्यांच्या मुलाने दोन वेळा पोट भरून अशी पेज घेतली तरी हाती 85 कॅलरीच येतील. पिठाचे प्रमाण दहा भागांवर नेले तर हा आकडा 170 होतो. परंतु तीच दहा भागांची पेज दीड वर्षाच्या मुलाने दिवसातून तीनदा पोटभर खाल्ली तरी 352 कॅलरींच्या पुढे हिशोब जात नाही. शिवाय कोणतेही मूल प्रत्येक वेळी पोट काठोकाठ भरेपर्यंत खात नाही. म्हणूनच पूरक अन्नाच्या प्रत्येक ग्रॅममागे निदान 0.8 कॅलरी असावी, असे सामान्यतः मानले जाते. केवळ पीठ आणि पाणी यांच्या पेजेत हे साधायचे तर शंभर भागांत तेवीस-चोवीस भाग पीठ हवे.

एवढे पीठ मग का घालू नये? कारण पिष्टाचा स्वभाव. पिष्टाचे कण पाण्यात तापू लागले की साधारण 65 ते 70 अंश सेल्सिअसच्या सुमारास फुगू लागतात, स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवतात आणि एकमेकांस चिकटून बसतात. द्रवाची श्यानता, म्हणजे त्याचा दाटपणा, झपाट्याने वाढते. वीस भाग नाचणीचे साधे पीठ शिजविले की पळी उभी राहील असा गोळा तयार होतो. सात महिन्यांच्या मुलाला तो गिळता येत नाही. म्हणून आई पाणी वाढवते. मूल पेज सहज गिळते, त्याचे पोट तडस लागेपर्यंत भरते, आईचे समाधान होते. आणि पोषण मात्र अर्ध्यावरच राहते. यात आईचा निष्काळजीपणा काहीच नाही. ती मुलाच्या गिळण्याकडे पाहून योग्य तेच करीत असते.

या पेचातून सुटण्याचे काही मार्ग घरगुती पाकशास्त्रात पूर्वीपासून आहेत. तांदूळ आणि मुगाची डाळ भाजून, भरडून केलेल्या खिमटावर तूप घालतात. चमचाभर तुपाने पेजेचा दाटपणा न वाढविता सुमारे 40 कॅलरींची भर पडते. पण तूप सर्व घरांत नसते, आणि केवळ स्नेहाने प्रथिनांची उणीव भरून निघत नाही. अधिक मूलगामी उपाय आहे तो मोड आणण्याचा.

कोकणात आणि घाटमाथ्यावर नाचणी, तर नाशिकच्या पश्चिम भागात नागली या नावाने ओळखले जाणारे हे धान्य रात्रभर भिजवून, निथळून ओलसर फडक्यात एक-दोन दिवस बांधून ठेवले की त्याला मोड येतात. अंकुरणाऱ्या दाण्याला आपल्या साठ्यातील पिष्ट वापरात आणावयाचे असते. त्यासाठी दाण्याच्या बाह्य थरात अमायलेज हे एन्झाइम नव्याने तयार होते. ते पिष्टाच्या लांब साखळ्या मधोमध तोडते. थोड्याशा छेदांनीही साखळ्या आखूड होतात, पाणी धरून ठेवण्याची त्यांची शक्ती ओसरते आणि दाट लापशी पाहता पाहता वाहू लागते. कॅलरी जिथल्या तिथे राहतात. नाहीसा होतो तो फक्त दाटपणा. मोडाच्या पिठाला येणारी किंचित गोडीही याच विघटनाची खूण होय. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी हे स्वतः पाहावे. दोन चंचुपात्रांत प्रत्येकी 80 मिलिलिटर थंड पाणी घेऊन एकात नाचणीचे साधे पीठ व दुसऱ्यात मोडाचे पीठ प्रत्येकी 20 ग्रॅम कालवावे आणि मंद आचेवर ढवळत शिजवावे. पहिल्याचा गोळा होईल. दुसरे चमच्यातून ओघळेल.

या गुणाचा शास्त्रीय अभ्यास भारतात चांगला झालेला आहे. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत मल्लेशी व देसिकाचार यांनी मोडविलेली नाचणी आणि मूग यांचे कमी श्यानतेचे शिशुअन्न 1982 मध्ये मांडले. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1986 च्या सुमारास वेगळी वाट दाखविली. सर्व पीठ मोडाचे असण्याची गरज नाही. साध्या धान्याची दाट लापशी शिजवून किंचित निवू द्यावी, तीत थोडेसे मोडाचे पीठ ढवळावे, लापशी सैल झाली की पुन्हा एक उकळी आणावी. निवू देणे महत्त्वाचे, कारण उकळत्या लापशीत एन्झाइम आपले काम करण्यापूर्वीच नष्ट होते. शेवटची उकळीही तितकीच महत्त्वाची. दोन दिवस ओल्या फडक्यात राहिलेल्या धान्यावर जंतू वाढलेले असतात आणि ते पीठ कच्चे मुलाच्या पोटात जाता कामा नये. टांझानियातही अशाच मोडाच्या पिठाचा उपयोग केला गेला आहे. तेथे त्यास किमेया म्हणतात.

येथे एका नामसाम्याकडे लक्ष वेधणे अवश्य आहे. आपल्या घरांत ‘नाचणीचे सत्त्व’ या एकाच नावाने दोन भिन्न पदार्थ ओळखले जातात. एक म्हणजे मोड आणून, वाळवून, हलके भाजून दळलेले सबंध पीठ. दुसरा म्हणजे भिजविलेली किंवा मोडाची नाचणी पाण्यात वाटून, फडक्यातून गाळून, वरची निवळ ओतून देऊन तळाशी बसलेला साका वाळवितात तो. हा साका पांढरा, मऊ, दिसायला अधिक शुद्ध; पण तो बहुतांशी निव्वळ पिष्ट होय. नाचणीची ख्याती ज्या कॅल्शियमसाठी आहे (100 ग्रॅममागे सुमारे 350 मिलिग्रॅम), त्याचा मोठा भाग दाण्याच्या सालीत असतो आणि तो फडक्यातच राहतो. पाण्यात विरघळणारे अमायलेज निवळीबरोबर मोरीत जाते. ज्याला सत्त्व म्हणावे ते टाकून द्यायचे आणि उरलेल्याला सत्त्व म्हणायचे, असा हा प्रकार आहे. पचनाच्या दृष्टीने गाळलेले सत्त्व हलके असते हे खरे. परंतु रोजच्या आहारासाठी बारीक दळलेले सबंध पीठच पसंत करावे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. भाजण्यातही तारतम्य हवे. मोडाचे धान्य प्रथम पूर्ण वाळवावे आणि मग मंद आचेवर वास सुटेपर्यंतच परतावे. ओलसर दाणा तीव्र आचेवर टाकल्यास एन्झाइम जळून जाते आणि हाती साधेच पीठ राहते. बुरशी धरलेला घाणा बेलाशक फेकून द्यावा.

दुसरी अडचण डोळ्यांची आहे. शिशूचे अन्न चमच्यावर टिकेल इतके दाट असावे, पातळ नको, असा सल्ला सामान्यतः दिला जातो आणि साध्या पेजेच्या बाबतीत तो रास्तच आहे. मोडाची लापशी मात्र पातळ दिसूनही भरीव असते. तेव्हा येथे दिसण्यावर विसंबता येत नाही. पीठ व पाणी मापूनच घ्यावे लागते. एक वाटी पिठास तीन वाट्यांहून अधिक पाणी नको, अशा घरगुती मापाने सांगितल्यास ते लक्षात राहते. वाटीभर पीठ वजनाने वाटीभर पाण्याहून हलके असते आणि शिजताना काही पाणी आटते, हे दोन्ही ध्यानात घेऊन प्रत्येक ठिकाणी तराजूने एकदा पडताळा पाहावा.

मोडाच्या पिठाकडून भलत्या अपेक्षाही बाळगू नयेत. अशा लापशीने एका वेळचे सेवन वाढते, असे अनेक प्रयोगांत दिसले. मुलांची वाढ त्यामुळे निश्चित सुधारते, असा एकमुखी निष्कर्ष मात्र निघालेला नाही. कारण कॅलरी म्हणजे सर्व पोषण नव्हे. जन्मतः मिळालेला लोहाचा साठा सहाव्या महिन्याच्या सुमारास संपत येतो आणि आईच्या दुधात लोह अल्प असते. अंकुरणाने धान्यातील फायटेट काही अंशी कमी होऊन लोहाचे शोषण सुधारते, तथापि केवळ धान्यावर ती गरज भागत नाही. डाळीने लायसीनची उणीव भरून निघते. अंडे, मासे, मांस यांपैकी जे घरात चालते ते मऊ करून द्यावे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (2019–21) सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी शेकडा सुमारे 11 मुलांनाच किमान पुरेसा आहार मिळत असल्याचे आढळले होते. मीठ व साखर पहिल्या वर्षी टाळावी. एक वर्ष पूर्ण होईपर्यंत मधाचे बोटही लावू नये. मधातील क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनमच्या बीजाणूंपासून तान्ह्या मुलास प्राणघातक विषबाधा होऊ शकते.

शेवटी ज्वारीविषयी. मराठवाडा व सोलापूरकडे नाचणी सहज मिळत नाही, म्हणून तेथे ज्वारीला मोड आणावेत असे सुचणे स्वाभाविक आहे. परंतु ज्वारीच्या कोवळ्या अंकुरांत धुरिन हे द्रव्य साठते आणि त्यापासून हायड्रोसायनिक आम्ल सुटते. कोवळी ज्वारी चरलेली जनावरे दगावतात, ती याच कारणाने. शेतकऱ्यास हे ठाऊक असते. तेव्हा तेथे मोडाचे पीठ गव्हाचे करावे. ज्वारीची लापशी मोड न आणता शिजवावी आणि चमचाभर गव्हाचे मोडपीठ घालून ती सैल करावी.